एका घरातून एकच

एल्टन,

काजू अभ्यासायला शेतकऱ्यांना ब्राझीलला नेणारी शिष्यवृत्ती एका घरातून एकालाच होती. "माका जावक दी गो," म्हणालास, म्हणून मी अर्ज मागे घेतला. तू मात्र तिथूनच पोर्तुगालला पळालास.

यंदा मी मुलाखतीला गेले. साहेबांनी विचारलं, "दोडामार्गचे एल्टन तुमचे कोण? तेही परत येणार होते."

"मला भाऊच नाही," मी म्हणाले. तरी आडनाव बघून त्यांनी मला नाकारलं.

घरी सांगितलं तर मम्मी रडली. "सख्ख्या भावाक नाय म्हटलंस गो?"

हो, म्हटलं. पुन्हा म्हणेन.

नाताळला येतोस म्हणे. मम्मीला भेट आणि जा, माझ्या बागेत पाय ठेवू नकोस. हे वाचून तू यायचाच नाहीस, म्हणून तिच्यासाठी पत्र पाठवत नाही.

मारियान