पेंडोने मान वळवली

११ ऑगस्ट, सोमवार

वळली! पेंडोने मान वळवली!

काल रविवारचा व्हिडिओ कॉल. पेंडो शाळेच्या बाकावर, शेजारी तिच्या एस्टर मॅडम. पोरगी हातांनी सांगते, मॅडम ते इंग्रजीत सांगतात, आमची गायत्री मराठीत. तीन घरं फिरून गोष्ट माझ्यापर्यंत येते. मधेच तिकडे मागे कुठेतरी झाकण पडलं. ॲल्युमिनियमचं. गायत्रीला ऐकू आलं नाही, बायकोला, शारदाला नाही. मला आलं. आणि त्याच क्षणी पेंडोने वळून मागे बघितलं.

जन्मापासून ठार बहिरी म्हणून जिच्या शाळेचा खर्च मी उचलतो, ती!

पोरगा मोहित टांझानियात जिनिंग मिलमध्ये लागला, तेव्हा तिथल्या कँटीनवालीने तिच्या बेटावरच्या या मुलीचं सांगितलं होतं. आईबाप नाहीत, मावशीजवळ असते. बहिऱ्यांची शाळा घ्यायला तयार, पण राहण्या-जेवणाचं कोण बघणार? मी म्हटलं, मी. कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्म घालवलेल्या माणसांचे कान कसे जातात, हे मी रोज बघतो. कापसाचे बोळे घालून माझे तेवढे वाचले.

आता ती सातवीला. १० सप्टेंबरला त्यांची बोर्डाची परीक्षा. पास झाली तर पुढची शाळा, नाही तर बेटावर मासे वाळवायचे.

आणि ही ऐकते?

१२ ऑगस्ट

गायत्रीने कॉल मोबाइलमध्ये भरून ठेवला होता. कान लावून पुन्हा पुन्हा ऐकला. झाकण पडतं, ती वळते. शंकाच नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शनवारा चौकातल्या चहाच्या हॉटेलात सुकलालजवळ बोलून बसलो. चूक केली. लहानपणी आम्ही दोघं एकाच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायचो. आज तो सुताचा व्यापारी, मी लूमवाला, पण त्याची जीभ तीच!

"देवराम, तुले आफ्रिकाच सापडली का रे? इथं आपल्या देडतलाईत बहिरी पोरं संपली?"

"पोराच्या ओळखीनं आली ती. आणि देडतलाईसाठी तू आहेस ना!"

"मले फसवणारा अजून जन्माला नाही आला, म्हणायचा ना तू? आला बाबा. तिकडे आला!"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. चहा अर्धा टाकून उठलो.

घरी येऊन मोहितला फोन. शाळेत न सांगता जा, तिच्या मागे उभा राहा, काहीतरी जोरात आपट. वळते का बघ.

"पप्पा, ती पोरगी आहे, इंजिन नाही."

"मी सांगतो तेवढं कर."

गायत्रीने ऐकलं. "पप्पा, आप भी ना! हद है यार." पाय आपटत वर गेली.

१८ ऑगस्ट, सोमवार

मोहित जाऊन आला.

वर्गात मागच्या बाजूला उभा राहिला, लोखंडी डबा आपटला. पेंडो वळली. अजून तीन-चार पोरंही वळली! म्हणजे ही एकटी नाही — शाळाच तशी! ऐकणारी पोरं भरायची आणि आमच्यासारख्यांना बहिरी म्हणून दाखवायची.

"वळली, मग?" मी विचारलं.

"मग माझ्याकडे बघत राहिली."

"कशी?"

"जाऊ द्या ना, पप्पा."

गायत्री लिहून देईना. मग झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोराकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि हेडमास्तरांना पाठवलं. मुलीला ऐकू येतं, सोक्षमोक्ष लागेपर्यंत माझ्याकडून मदत बंद. मन हलकं होईल वाटलं होतं. नाही झालं.

२१ ऑगस्ट

हेडमास्तरांचं उत्तर. तक्रार गंभीर आहे, बाकीच्या देणगीदारांनाही जाब द्यावा लागतो. कानांची तपासणी होईपर्यंत मुलीला घरी पाठवलं आहे.

घरी? मी कुठे म्हटलं होतं घरी पाठवा!

शारदाने ताट वाढलं आणि समोरून उठून गेली. रविवारी कॉलवर ती आणि पेंडो हातवारे करत बसतात. शारदासाठी पेंडोची खूण म्हणजे कपाळावर बोट, माझ्यासाठी मिशीवर. शारदा एवढंच म्हणाली, "परीक्षा तोंडावर आहे तिची. तुमची आहे का?"

२५ ऑगस्ट, सोमवार

आजच लिहून ठेवतो.

सकाळी लूमवर गेलो. कानात बोळे, नेहमीसारखे. दोघं जण माझ्या मागून सुताने भरलेला लोखंडी बीम आणत होते, तो निसटला. मी दचकून वळलो. वळल्यावर कळलं — मला ऐकू काहीच आलेलं नाही! चाळीस लूम सुरू, कानात कापूस, काय ऐकू येणार? जमीन हलली होती. पायांतून वर आलं ते.

तसाच घरी पळालो. गायत्रीला म्हटलं, रागव नंतर, आधी ये. बोळे घातले, वरून मफलर बांधला, लाकडी पलंगावर बसलो. माझ्या मागे पलंगावर काहीतरी आपट म्हटलं. तिने लाटणं आपटलं. वळलो. मग फरशीवर बसलो. तिने मागे ताट आपटलं म्हणे. मला पत्ता नाही.

मग मोबाइल काढला. या वेळी आवाज बंद करून बघितला. त्या वर्गाची जमीन फळ्यांची आहे! सबंध जमीन फळ्यांची, बाक फळ्यांवर, झाकणही फळ्यांवर पडलेलं. इतके दिवस मी कान लावून नुसतं ऐकत होतो. बघितलंच नव्हतं.

शारदाला सांगितलं. ती हसेल वाटलं, निदान ओरडेल.

"आता त्या पोरीला मी काय सांगणार? माझ्या नवऱ्याला प्रयोग करायचा होता, म्हणून तू घरी गेलीस?"

२६ ऑगस्ट

गायत्रीला बसवून हेडमास्तरांना फोन केला. माझीच चूक, तक्रार मागे घेतो, तिला आजच बोलवा. ते थंडपणे म्हणाले, तक्रार तुमची, पण चौकशी आता आमची. कानांचा रिपोर्ट आल्याशिवाय वर्गात नाही. आणि वर्गात नाही तर परीक्षेला नाही.

मोहितला म्हटलं, रजा टाक. बेटावर जा, तिला घे, शहरातल्या दवाखान्यात ने, रिपोर्ट काढ.

"जातो," म्हणाला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीत ताल सोडून टाळ्या वाजवल्या. वाऱ्यामुळे बोट सुटेना म्हणून मोहित किनाऱ्यावरच अडकलाय.

२९ ऑगस्ट

मोहित बेटावर पोहोचला. पेंडो तिथे नाही!

मावशी म्हणते, घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी दप्तर घेऊन बोटीत बसली, शाळेत जाते म्हणून. शाळेत विचारलं — इथे नाही. मावशीला वाटतंय शाळेत आहे, शाळेला वाटतंय मावशीकडे आहे. पंधरा वर्षांची पोरगी. मागून गाडी आली तर हॉर्न ऐकू येणार नाही. कोणी हाक मारली तर कळणार नाही. कुठे असेल?

मोहित धक्क्यावर फोटो दाखवत फिरतोय.

३० ऑगस्ट

काही नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

कॉलची वेळ. शारदा मोबाइल समोर ठेवून बसली. मी म्हटलं, आज कोण येणार? ती उठली नाही.

सुकलाल आला होता. टोमणे विसरून बाजूला बसला. "सापडेल रे," म्हणाला. त्याच्या तोंडून असं ऐकून जास्त भीती वाटली.

२ सप्टेंबर, मंगळवार

सापडली!!

सबंध वेळ एस्टर मॅडमच्या घरात होती. बेटावरून एकटी परत आली, वॉचमनने फाटक उघडलं नाही, तर फाटकाला टेकून बसून राहिली. संध्याकाळी मॅडमनी बघितलं आणि घरी नेलं. हेडमास्तरांना कळू दिलं नाही, घरीच शिकवत होत्या. मोहितने शिक्षकांची घरं पालथी घातली तेव्हा कुठे दार उघडलं.

आम्हाला तरी कळवायचं, असं मी गायत्रीकरवी लिहिलं. मॅडमचं उत्तर दोन शब्दांचं होतं. "तुम्हाला? का?"

बरोबर आहे.

४ सप्टेंबर

रिपोर्ट आला. दोन्ही कानांत काही नाही. शून्य! माझ्या कारखान्यातला भोंगा तिच्या कानाशी वाजवला तरी ऐकू जाणार नाही. हेडमास्तरांनी वर्गात घेतलं. मोहित म्हणतो, तपासणीच्या खोलीत ती तोंड दाराकडे करून बसली होती. पाठ फिरवायला तयारच नव्हती.

१० सप्टेंबर

पेपर सुरू. दिवसभर लूमवर होतो. काय विणलं विचारू नका.

२१ सप्टेंबर, रविवार

पेंडो कॉलवर आली. शारदाशी खूप बोलली, हसली, पेपर बरे गेले म्हणाली. मी हळूच शेजारी येऊन बसलो. पेंडोने तिकडे मोबाइल पालथा ठेवला. पडद्यावर नुसता अंधार.

"उठा तुम्ही," शारदा म्हणाली. उठलो. आतल्या खोलीतून ऐकत राहिलो — म्हणजे मॅडमचं इंग्रजी आणि गायत्रीचं मराठी. माझं नाव त्यात एकदाही आलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मी बाहेर ओट्यावर बसतो आता. कॉल संपल्यावर गायत्री सांगते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेंडो पास झाली. चांगली पास झाली. जानेवारीपासून मोठ्या शाळेत, सुतारकाम-शिवणकामासकट. लगेच कळवलं, शिकेल तिथपर्यंत सगळा खर्च माझ्याकडे.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. मॅडमनी एक शब्द न बदलता पाठवलंय म्हणे, गायत्रीने वाचून दाखवलं —

"नको. तुम्ही माझ्या पाठीमागे माणूस उभा केला. आधी समोर या. मग मी ठरवीन."

गायत्री माझ्याकडे बघत राहिली. शारदाही.

पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करून आलो.