तारखेची कोरी जागा

१९ एप्रिल २०२१

लहानपणी लपाछपी खेळताना धाकट्या भावाला मी कोठीत लपवलं आणि त्याला विसरून मैत्रिणींकडे निघून गेले. संध्याकाळी आई एवढंच म्हणाली होती, "कुणाला थांब म्हटलंस, दीपमाला, तर परत जायचं." आज जीपमधून उतरताना ते वाक्य का आठवलं, कोण जाणे.

साक्रीपासून बारा किलोमीटरवरचं हे गाव. तीन महिन्यांसाठी समुपदेशक म्हणून नेमणूक. त्रेचाळिसाव्या वर्षी भुसावळचं घर सोडून एकटीनं राहायला आले, तरी मन हलकं आहे. खोली छोटी पण स्वच्छ, दारासमोर कडुलिंब. काम साधं: कोरोनामुळे घरात थांबवलेल्या लोकांना रोज दारातून भेटायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. झोप लागते का? जेवण जातं का? भीती वाटते का? उत्तरं रजिस्टरात लिहायची आणि भेटीची खूण करायची.

गावच्या आशा कार्यकर्त्या कुंदाबाईंनी चहा पाजला. मी आणलेलं पोस्टर बघून त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, ते 'विलगीकरण' खोडा. गाव म्हनी, हाऊ दुसरा आजार शे." मी खरंच खोडलं आणि वर लिहिलं: घरात थांबा.

२४ एप्रिल

भागाबाईंच्या दारावर कागद लावला. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या. मुलगी बोदवडला दिलेली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते. दोन दिवस ताप होता, म्हणून नाकातला नमुना घेतला. कागदावर 'अमुक तारखेपर्यंत' असं छापलंय. रिपोर्ट यायचा होता, म्हणून तारखेची जागा मी कोरी ठेवली.

अक्कांना वाचता येत नाही. पण त्यांचं बोट नेमकं त्या कोऱ्या जागेवर थांबलं. इथे काही का लिहिलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी स्वतः येऊन सांगेन, तोवर दार उघडायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही. त्या म्हणाल्या, "तू सांगशी तवय उघडसू."

तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला त्या हसल्या. "भीती कसानी? तू येशी ना."

समोरचे लोटन आबा उंबऱ्यावर पाणी आणि भाकरी ठेवणार आहेत; तेवढ्यापुरतंच दार किलकिलं करायचं, असं ठरलं.

२७ एप्रिल

अक्कांचा रिपोर्ट निगेटिव्ह. दुपारी फोनवर आला. निघणारच होते, तेवढ्यात कुंदाबाईंना धाप लागली. त्यांना धुळ्याला नेणाऱ्या गाडीत बसवलं. त्यांचा हात माझ्या हातातून सुटत नव्हता. नंतर मी साबणानं अर्धा तास हात धुतले.

अक्कांना उद्या सांगेन.

३० एप्रिल

कुंदाबाई गेल्या.

मी तीन दिवस खोलीबाहेर पडलेले नाही. इतरांना तीन प्रश्न फोनवरच विचारते. अक्कांकडे फोन नाही. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे लिहिलं: भेट दिली. झोप चांगली. जेवण चांगलं. भीती नाही. गेले नव्हते, तरी लिहिलं. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिणार नाही.

तशी मोकळीच आहे ती बाई, कधीही बाहेर येईल, अशी स्वतःची समजूत घातली. लोटन आबांना कालच साक्रीच्या दवाखान्यात हलवलंय, हे मला माहीत होतं.

९ मे

लोटन आबा बरे होऊन परतले. त्यांनीच लोक गोळा केले आणि दार फोडलं.

बाहेरून कुलूप नव्हतं. फक्त आतून कडी होती. मडकं कोरडं होतं. अक्का दाराला पाठ लावून बसलेल्या होत्या.

शेजारच्या बाया सांगत होत्या, आम्ही दुरून हाका मारल्या, तर आतून म्हणायची, ताई सांगेल तेव्हा. चार दिवस म्हणत होती. मग गप्प झाली. आम्हाला वाटलं, झोपली असेल. कागद होता ना दारावर, जवळ कोण जाणार?

लोटन आबा माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिनी तुन्ही वाट दखी."

साक्रीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फक्त रजिस्टर पाहिलं. कालपर्यंतच्या सगळ्या खुणा. मला म्हणाले, तुम्ही शेवटपर्यंत भेटत होतात, अचानक झालं असणार, मनाला लावून घेऊ नका. तिथल्या सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

११ मे

काल अक्कांच्या नावावर रेघ मारली होती. आज दुपारी रजिस्टर उघडलं, तर रेघेखालच्या ओळीत भेटीची ताजी खूण. माझ्याच अक्षरात: झोप नाही. जेवण नाही. भीती—

तिथली जागा कोरी आहे.

मी लिहिलेलं नाही. ताप आहे मला थोडा. पण मी लिहिलेलं नाही.

१२ मे

भर दुपारी बारा वाजता दारावर थाप. अंगणात ऊन नुसतं भाजत होतं. फटीतून पाहिलं, कुणी नव्हतं. मग दाराच्या अगदी खालून, कुणी उंबऱ्याला टेकून बसावं तिथून, आवाज आला. मऊ. म्हातारा. विचारलं, झोप लागस का?

मी दारापासून मागे सरले. रजिस्टर पेटीत घातलं.

१३ मे

माझ्या दारावर कागद आहे. उन्हात त्याची सावली फटीतून आत पडते. कुणी लावला? दुधवाला फाटकातूनच परत गेला. मी हाक मारली तर म्हणाला, ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, कागद असला की जवळ जायचं नाही.

तारखेची जागा—दिसत नाही मला आतून. पण माहीत आहे.

पुन्हा बारा वाजता. जेवन जास का?

मी हो म्हटलं. खोटं. तिला कळलं.

१४ मे

आखाजी. लांब कुठेतरी बाया गाणी म्हणताहेत. बोदवडची मुलगी आली असेल का? तिला कुणी सांगितलं असेल, की ताई रोज भेटायला जायची—

पाणी संपलंय. कडी माझ्याच बाजूला आहे. हात नुसता वर करायचा. चारदा केला. कडीपर्यंत जातो आणि—कुणी सांगितलं नाही ना अजून. आता कळतं. कडी हाताशी आणि तरीही—

बारा वाजले.

भीती वाटस का?

हो. हो, अक्का. आणि लाज वाटते. भीतीपेक्षा लाज जास्त. रिपोर्ट चांगला होता. तिसऱ्याच दिवशी आला होता. मला माहीत होतं. तुम्हाला काही झालेलंच नव्हतं, अक्का. मी आले नाही. घाबरले. आणि मग खुणा करत बसले—

दाराला पाठ लावून लिहितेय. पलीकडेही कुणीतरी पाठ लावून बसलंय, लाकूड गार लागतंय.

माफ करा म्हणत नाही. एकच मागते. एकदा म्हणा, उघड. तुम्ही म्हणणार नाही, माहीत आहे मला, मीही नव्हतं म्हटलं. तरी अक्का, एकदाच, नुसतं उघड म्ह—