हक्कसोडाची सही

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१९ ऑक्टोबर २०२३

ती. बद्रीभाऊस,

द्वारकाचा नमस्कार. वहिनीलाही सांग, लेकरांना आशीर्वाद. इकडं आम्ही बरे आहोत. तुमच्याकडं घट बसले असतील. वहिनीला म्हणावं, नऊ दिवस नुसत्या साबुदाण्यावर राहू नको, मागच्या वर्षी पित्तानं किती हाल झाले ते आठव.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू पहिल्या वाक्याला तोडतोस आणि मला दुसऱ्या वाक्याला रडू येतं. म्हणून लिहितेय.

इकडची बातमी म्हणजे मालकानं घर खाली करायला सांगितलंय. दिवाळीच्या आत. बिल्डरला दिलंय म्हणे, पाडून चार मजले उठवणार. बावीस वर्षांत हे आमचं सहावं किरायाचं घर. नळाला पाणी आठव्या दिवशी, त्यामुळं दरवेळी बाकीच्या सामानाआधी ते दोन निळे ड्रम हलवायचे. ह्यांचे गुडघे जिना म्हटला की धरतात, तरी काल एक घर बघून आले आणि म्हणतात, "तिसऱ्या मजल्यावर हवा चांगली लागते." हसावं का रडावं ते कळंना.

२००६ ला ह्याच गल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट नऊ लाखाला मिळत होता. हे म्हणाले, "रेट लई चढलेत, वर्षभरात उतरतील." विनाअनुदानित शाळेचा मास्तर, तोही गणिताचा. आता तसल्याच फ्लॅटचे पंचेचाळीस सांगतात, पार्किंगचे वेगळे. आमच्याकडं पार्क करायला आहे काय, लेकाची जुनी मोटरसायकल. बँकेतला साहेब चांगला बोलला, खुर्ची दिली, आणि म्हणाला, "सर, तुमच्या रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलं, कर्ज कशाच्या जोरावर देऊ?"

आपल्या वैजनाथला एकतिसावं लागलं. वाळूजच्या कंपनीत आहे, पोरगं निर्व्यसनी. गणपतीत जालन्याचे पाहुणे आले होते. मुलीच्या मामानं कपबशी खाली ठेवायच्या आत विचारलं, "घर स्वतःचं का?" मी म्हणाले, "नाय, किरायाचं." मग पोह्यांचं लई कौतुक केलं आणि उठले. तेव्हापासून वैजनाथ घरात असून नसल्यासारखा असतो. एकदा भांडला असता तर बरं वाटलं असतं मला.

आता सोमवारचं.

चक्कर आली म्हणून सहीला पैठणला आले नाही, असं मी तुला कळवलं. ते खोटं होतं. मी आले होते. साडेदहाला बसमधून उतरले, रजिस्ट्री ऑफिसच्या फाटकापर्यंत चालत आले. तू पांढरा शर्ट घालून उभा होतास, शेजारी तो प्लॉटिंगवाला, आणि वहिनीच्या हातात साडीचा खोका. बहिणीनं हक्कसोडावर सही केली की तिच्या ओटीत साडी घालायची, आपल्याकडची रीत. आत्याच्या वेळी आईनंही अशीच साडी आणली होती, आणि आत्या ती नेसून हसत हसत गेली होती. मी चहाच्या टपरीच्या आडोशाला उभी राहून तुझ्याकडं बघत होते. तू सारखा घड्याळ बघायचास, मग रस्त्याकडं. मला फार वाईट वाटलं रे. तरी मी मागं फिरले आणि मिळेल त्या बसनं घरी आले.

तू म्हणशील, शब्द दिला होता. व्हय, दिला होता. आपले वडील, दादा गेले, त्यांच्या तेराव्याला सगळ्या भावकीसमोर मी म्हणाले, मला रान नको, माहेर पाहिजे. सातबाऱ्यावर दोघांची नावं लागणार म्हणून काकासाहेब तेव्हाच म्हणत होते, कागद करून घ्या. तूच म्हणालास, "माझ्या बहिणीला कागद कशाला?" त्या वाक्यावर मी पंधरा वर्षं सासरी मिरवले. तेव्हा ते चार एकर म्हणजे नुसता मुरूम, कुळीथसुद्धा धड येत नव्हता. आता रस्ता मोठा झाला आणि तेच रान गुंठ्यानं विकायला निघालंय. जमिनीचे रेट चढले म्हणून तुझं भलं होतंय, आणि तेच रेट चढले म्हणून मला शहरात दोन खोल्या मिळत नाहीत. हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना.

ह्यांना दोष देऊ नकोस. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बहीण-भावाचा शब्द आहे, मी मधी बोलणार नाही." आणि उठून ड्रमचं झाकण बसवायला गेले, ते आधीच बसलेलं होतं.

काल वहिनीचा फोन आला. "ताई, एकदा सही झाली की माहेर तुमचंच." सही नाही झाली तर काय, ते ती बोलली नाही.

भाऊ, मी सही करणार नाही. अर्धं मागत नाही. दोन खोल्या होतील एवढं दे, बाकीच्यावर मी स्वतः येऊन सही करते, साडी नको. हे लिहायची मला लाज वाटते. शब्द फिरवणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर नावं ठेवली. पण सातव्यांदा सामान बांधायचा जीव आता माझ्यात राहिला नाही, आणि लेकाच्या तोंडाकडं बघवत नाही.

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, एक दिवाळी अशी गेली नाही की तू मला न्यायला आला नाहीस. ह्या साली येणार असलास तर कळव, म्हणजे तोवर आम्ही कुठं राहायला गेलो असू तो पत्ता सांगते. येणार नसलास तरी तेवढं कळव. मग मी पिशवी भरून बसणार नाही.

तुझी, शब्द मोडलेली बहीण,
द्वारका