पाच पाहुण्यांचे कागद

१४ ऑक्टोबर, दुपारचे तीन

वन्सं,

नाही हो, तुमच्या लेकीला मी उपाशी ठेवलेली नाही. काल फोनवर तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा माझं उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न टाकलात, म्हणून आज कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही. नमस्कार राहिलाच, तो घ्या. घरधन्यांचा गुडघा कसा आहे ते कळवा. त्यांना म्हणावं, दुसराही रांगेत उभा आहे, जिने जरा बेतानं चढा.

तर पहिली बातमी: पाचही आले. सुखरूप. दारात पाच जणांचे जोडे एकावर एक पडलेत, न्हाणीघरात कुणाचा साबण कुणाचा ते कळत नाही, आणि काल कुणीतरी माझ्या चष्म्याच्या डबीत चार्जर ठेवला. तुम्ही मागं एकदा म्हणाला होतात ना, "वहिनी, तुमचं घर बाई कसं जिथल्या तिथं!" या आता बघायला. पाय ठेवायला जागा नाही.

हे कसलं संमेलन, असंही विचारलंत. मला कळलंय तेवढं सांगते. जगभरातली शंभर-दीडशे माणसं मिळून कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम बनवतात. ज्याला दिसत नाही त्याला तो पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. पगार नाही, मालक नाही, आपापली नोकरी सांभाळून फुकट करतात. सहा वर्षं एकमेकांचे नुसते आवाज ऐकले. यंदा समोरासमोर भेटायचं ठरलं, आणि ते आपल्याच गावात, कारण तुमच्या चिमणीनं हात वर केला. हात वर करायची खोड तिला तुमच्याकडूनच. हॉटेलं परवडत नाहीत म्हणून पाहुणे घरोघर वाटले. मी म्हटलं, परदेशातले पाच माझ्याकडे टाका.

परदेशचा माणूस म्हणजे व्हिसा आला. प्रत्येकासाठी दोन कागद लागतात. एक संमेलनाचं निमंत्रण, ते चिमणीनं केलं. दुसरा, ज्याच्या घरी पाहुणा उतरणार त्यानं भरायचा फॉर्म. ते पाच मी भरले. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षरासाठी गुरुजी माझी पाटी वर्गभर फिरवायचे. चिमणी म्हणाली, "मामी, पाठवायच्या आधी एकदा नजर टाकू?"

मी म्हटलं, "तुझ्या मामाच्या गिऱ्हाइकांची मापं मी तीस वर्षं वहीत उतरवली. एक सदरा बिघडला नाही. तू मला शिकवतेस?" आणि पाकिटं चिकटवून टाकली.

पाचही अर्ज नामंजूर. एकाच दिवशी, एकाच वाक्यात: बोलावणाऱ्यांनी दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही.

वन्सं, हे पाच म्हणजे त्या प्रोग्रामचे खांब. ते नाहीत तर संमेलन म्हणजे नवरा-नवरीशिवाय लग्न. आमच्या पुढच्या खोलीत संमेलनाच्या समितीची मंडळी जमली. त्यांचे अध्यक्ष आहेत, मी त्यांना दाढीवाले म्हणते. माणूस वाईट नाही, पण घाबरला की आवाज चढतो. म्हणाले, "कागद कुणी केले?"

"मी," चिमणी म्हणाली.

"मग दोनदा वाचायला काय झालं होतं? सहा वर्षांची मेहनत आहे लोकांची!"

दुसऱ्या दिवशी पोरीनं समितीतून नाव काढून घेतलं, आणि संमेलनात छातीवर लावायच्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्या घरी नेऊन दिला. फोनवर तुमच्यापाशी रडली ती तेव्हा. त्या बैठकीत मी दारात उभी राहून चहा गाळत होते. गाळतच राहिले.

चार दिवस गेले. मग एका सकाळी, "डोळे तपासून येते," असं सांगून बस धरली आणि व्हिसाच्या ऑफिसात गेले. टोकन त्र्याऐंशी. खुर्च्या लोखंडी, एकमेकींना बांधलेल्या, कुणी पळवेल म्हणून की काय. खिडकीत एक बाई होती, माझ्या निम्म्या वयाची, नाकावर चष्मा. तिनं माझे पाच फॉर्म पत्त्यांसारखे मांडले. माझ्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, परत माझ्याकडे. मग एक प्रश्न विचारला. तो शेवटी सांगते. आत्ता सांगितला तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, फोनच उचलाल.

तर ती हसली. आधी गालात, मग टेबलावर डोकं टेकून. शेजारच्या खिडकीतला साहेब उठून आला. शेवटी तिनं पाच कोरे फॉर्म दिले आणि म्हणाली, "पुन्हा भरा, आजी. या वेळी खरं लिहा." भरले. नवव्या दिवशी पाचही व्हिसे झाले. घरी सगळे म्हणाले, नशीब! दुसऱ्यांदा बघितलं वाटतं त्यांनी. मीही म्हटलं, नशीब.

आता पाहुणे ऐका. एक आहे लांब्या. कुठल्याच पलंगावर मावेना, म्हणून तुमच्या भावाच्या कापड बेतायच्या टेबलावर गादी टाकली. टेपनं मापला मी त्याला. टेबल त्याच्याहून चार बोटं मोठं निघालं. एक बडबडी आहे, तिला आपली भाषा येत नाही, मला तिची, तरी आमचं तासन्‌तास जमतं. दोघं जण भांडी घासण्यावरून भांडतात. मी भांडू देते.

आणि पाचवा कानसेन. त्याला दिसत नाही. त्याचा फोन आपल्या भाषेत बोलतो, आवाज थेट आमच्या शाळेतल्या बाईंचा. मी ऐकताच ताठ बसते. पहिल्या दिवशी तो त्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होता. एका जागी थांबला आणि फोनकडून वदवलं, "इथे कात्री ठेवत होते का?" तिथंच ठेवायचे, वन्सं. तीस वर्षांत तिथं लाकूड झिजलंय. हे गेल्यापासून सात वर्षं रोज पुसते मी ते टेबल, आणि मला दिसलं नव्हतं.

काल संध्याकाळी चिमणी संमेलनाच्या हॉलवरून आली तर हे पाचही तिच्याभोवती. बडबडीनं तिला उचलून गरकन फिरवलं. पोरगी हसली, महिन्यानं. मग भांडी पुसताना हळूच म्हणाली, "मामी, माझ्या निमंत्रणात नेमकं काय चुकलं होतं, ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

म्हणून हे पत्र. उद्या समारोप आहे. मी दाढीवाल्यांकडे दोन मिनिटं मागितलीत. त्यांना वाटतंय, म्हातारी आभार मानणार. सगळ्यांसमोर सांगणार आहे, चिमणीचा डबा तिला परत देववणार आहे. पण तिच्या आईला आधी कळायला हवं; पोस्टात न टाकता हे संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवते. शिव्या घालायचा पहिला मान तुमचा.

त्या बाईचा प्रश्न असा होता: "आजी, चार मुलगे, एक मुलगी, पाच देशांत जन्मलेली, आणि त्यातले दोघे एकाच वर्षी, एकाच महिन्यात?"

फॉर्ममध्ये एक चौकट होती, 'अर्जदार तुमचा कोण?' मी चार वेळा 'मुलगा' लिहिलं, एकदा 'मुलगी'. ती बाई म्हणाली, "बोलायच्या सवयीनं लिहिलंत ना? आपण सगळ्यांनाच बाळा म्हणतो." मी हो म्हटलं. तेही खोटं.

सवय कुठली, वन्सं? दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या कार्डावर, मुलाबाळांच्या चौकटीत जन्मभर रेघच मारत आले. कुणी बघत नव्हतं, पेन हातात होतं. चूक चिमणीची नाही, माझी. आणि चुकून नाही, मुद्दाम लिहिलं.

तुमची
वहिनी