फोनवर काका खाली का गेले

ती. काकांस,

घडलं ते असं:

१. आपल्या स्प्रिंगांच्या कारखान्याच्या वेबसाइटसाठी मी एक तयार थीम घेतली.
२. 'आमचे भागीदार' या पानावर तुमचा आणि बाबांचा फोटो शेजारी शेजारी लावला.
३. काकूच्या भावाने ते पान तुम्हाला फोनवर दाखवलं.
४. फोनवर बाबा वर होते आणि तुम्ही खाली.
५. तेव्हापासून, म्हणजे आज नऊ दिवस, तुम्ही कारखान्यात आला नाहीत.

नमस्कार. तब्येत विचारत नाही, कारण काकू रोज सांगते: जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित, बोलणं बंद. (तिच्या सुरात तक्रार नव्हती, एवढं नोंदवते.)

या थीमला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. पडदा केवढा आहे ते पाहून ती मांडणी बदलते. कॉम्प्युटरवर जागा असते, तिथे तुम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसता. फोन अरुंद, तिथे डावीकडचा वर राहतो आणि उजवीकडचा त्याच्याखाली सरकतो. यात मानापमान नाही, फक्त रुंदी आहे. हे काकूला समजावलं तर ती म्हणाली, "घरंही अशीच बिघडतात गं, जागा कमी पडली की." दारावरच्या पाटीवर दोघांची नावं एकाच ओळीत यावीत म्हणून तुम्ही रंगाऱ्याला तीनदा पाटी पुसायला लावली होती, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी चाचणीच्या वेळी मी ते पान फोनवर पाहिलं, बटणं चालतात का तेवढं तपासलं आणि पुढे गेले. तेव्हा चूक थीमची नाही.

थीम हवी तशी बदलता येते, म्हणून मी उपाय सुरू केले. आधी तुम्हाला वर घेतलं. दहा मिनिटांनी लक्षात आलं की आता बाबा खाली आहेत. मग दर वेळी क्रम आपोआप पालटेल असं केलं. बाबांनी पान अकरा वेळा उघडलं, आठ वेळा स्वतःच वर आले, आणि मी फासे भारून ठेवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग फोनवरही दोघांना शेजारी बसवलं, तर फोटो इतके चिंचोळे झाले की तुम्ही दोघंही अर्धवट उघडलेल्या दारातून डोकावताय असं वाटायला लागलं. शेवटी फोटो काढूनच टाकले. (आगीतून फुफाट्यात ते हे.) दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, भागीदारी मोडली का? बाबा म्हणाले, "ते त्यालाच विचारा," आणि फोन ठेवला.

तुमची पुतणी

ता. क. १: एकच उपाय उरतो, दोघांचा एकत्र फोटो. एका फोटोत वर-खाली होत नाही. मी घरातले सगळे अल्बम पाहिले. असा फोटो नाही. बावीस वर्षांत दर वेळी तुमच्यातला एक जण मशीनवर होता.

ता. क. २: फोटो हे या पत्राचं निमित्त आहे. स्प्रिंगांची चार खोकी तशीच पडून आहेत. बाबा एकेक स्प्रिंग फरशीवर टाकतात, आवाज ऐकतात, उचलून पुन्हा खोक्यात ठेवतात. पास झाल्याचा शिक्का मारत नाहीत. मी एकूण एक मापून पाहिली, सगळ्या मापात आहेत. तर म्हणाले, "माप तुझं बरोबर असेल. कान त्याचा आहे." हे तुम्हाला कळवू नकोस, असंही म्हणाले. माल शुक्रवारी जायचा आहे. तुम्ही येणार की नाही, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा.