आमेन होईपर्यंत

मेकन, जॉर्जिया
९ ऑक्टोबर १९८६

प्रिय थॅडियस,

आशीर्वाद. इथे सगळं ठीक. अंगणातलं पेकानचं झाड यंदा लगडलंय, आणि भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा जास्त खाल्ल्याने माझं पोट बिघडलंय. तुमच्या डेट्रॉइटला थंडी पडली असेल.

२६ तारखेला आपल्या चर्चमध्ये अशर मंडळींचा वार्षिक दिवस आहे. 'अशर' या शब्दावर मी बोलावं असं पास्टरांचं म्हणणं. आईची मुलगी ना मी! वाचनालयातला जाड कोश उघडला. शब्द आला फ्रेंचांकडून, त्यांना मिळाला लॅटिनमधून, आणि मुळाशी आहे नुसतं दार. अशर म्हणजे दारावरचा माणूस. लोकांना जागेवर नेऊन बसवणं मागाहून चिकटलं. आईला सांगितलं, तर आपल्या अशरच्या पांढऱ्या हातमोज्यांना इस्त्री करता करता म्हणाली, "एवढ्यासाठी पुस्तक कशाला? मला विचारायचं."

आता दाराचंच निघालंय तर लिहिते. आई तुझं नाव काढत नाही, मीही काढत नाही. न सांगता घर सोडलंस, आणि त्या ईस्टरला बसमधून उतरून थेट चर्चला आलास. आईने तुझ्यासमोर पंजा उभा धरला. तू पाय आपटत परत गेलास आणि मावशीला कळवलंस, 'आईने मला दारातून हाकललं.'

अरे शहाण्या, आत प्रार्थना चालू होती! प्रार्थनेत पंजा म्हणजे थांब. गव्हर्नर आला तरी थांब. लहानपणी अशर-अशर खेळताना तूच तसा पंजा धरून मला स्वयंपाकघराबाहेर उभी करायचास. एवढंही विसरलास?

आमेन झालं, आईने दार उघडलं. तू नव्हतास. ती दार सोडून पार रस्त्यापर्यंत गेली. ड्युटीवर असताना तिने दार सोडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. तुझा राग आला होता मला. अजून येतो.

तिचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी उभं राहणं बंद करायला सांगितलंय. २६ तारखेला शेवटचं उभं राहणार म्हणते. दाराशी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती तिने कुणा पाहुणीला देऊन टाकली.

तू ये. बसला उशीर झाला, प्रार्थना लागली आणि तिने पंजा धरला, तर या खेपेला तिथेच उभा राहा. दार तीच उघडेल.

तुझी ताई,
वर्नेल

ता. क. पाकिटावरचं अक्षर आईचं आहे. मी तुझा पत्ता शोधत बसले होते. तिने पाकीट ओढून घेतलं आणि कुठेही न बघता लिहून दिला.