ठकूबाईचं उत्तर

मंगळ. २३ जाने. १९३४
ठकूबाई बाप्तिस्मा घेते म्हणते. पाद्रीसाहेब ११ फेब्रु.ला जालन्याहून येणार. तोवर पुस्तकातली बाप्तिस्म्याची प्रश्नोत्तरं मला तिच्याकडून करून घ्यायचीत. पहिल्यावरच अडली. 'तू पापी आहेस असं कबूल करतेस काय?'
न्हाई म्हणाली. नवरा गेला, दोन लेकरं गेली, तवा गाव म्हणलं मागल्या जन्मीचं पाप. 'तुमच्यात मागला जन्म न्हाई म्हणून आले, मास्तर. हितंबी पापीच का?'
पुस्तक मिटलं. थंडी फार. घरी आलो.

शनि. २७ जाने.
सांगितलं, आपल्यात सगळेच पापी, कमीजास्त कुणी नाही. म्हणून येशूनं सगळ्यांसाठीच प्राण दिला. ऐकून राह्यली. मंग, 'पाटील बी?' पाटील बी. 'तुम्ही?' मी बी. 'पाद्रीसाहेब?' ते बी.
हसली. पहिल्यांदाच पाहिलं. 'असं असंल तर म्हणते.'

शुक्र. २ फेब्रु.
पाटलाकडं गेल्तो. बोलावणं आल्तं. ठकूबाई त्यांच्या रानात शाळूच्या सोंगणीला आहे. तिथं बायांना सांगत सुटली, पाटील बी पापी, मास्तरच्या पुस्तकात आहे.
पाटील सुपारी कातरत होते. 'बाकीच्यांचं ऱ्हाऊ द्या. मी?'
भ्यालो. तरी हो म्हणालो.
'बराबर. तिला म्हणावं, उद्यापासून कामाला येऊ नको.'
सौ. म्हणते, गप बसायचं होतं. निरोप दिला तर ठकूबाई म्हणाली, 'जाऊ द्या. खरं हाय ना पण ते?'

रवि. ११ फेब्रु.
पा. सा. आले. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात. पाण्याचं भांडं मांडलं, प्रश्न विचारला. ठकूबाईनं सरळ त्यांच्याकडं बघून सांगितलं, 'व्हय. तुमच्याइतकी.'
मागं कुणी खोकलं. साहेब लाल. म्हणाले, आधी नम्रता शिक, उन्हाळ्यानंतर बघू. जेवले नाहीत. पाणी सौ.नं पेरूला घातलं.

सोम. १२ फेब्रु.
ठकूबाई सकाळीच दारात. काम गेलेलं, बाप्तिस्मा राहिलेला.
'उत्तर चुकलं का माझं?'
न्हाई म्हणालो.
'मंग पाणी का न्हाई?'
बस म्हणालो. बसली नाही. 'पाटलाला तोंडावर सांगितलं तुम्ही. साहेबाला सांगाल का?'
पाटलाचं मी खात नाही. साहेबांचं खातो, नोकरी त्यांची. हे तिला बोललो नाही. बघतो म्हणालो. गेली.
भोकरदनहून जालन्याची मोटार उद्या सकाळी आहे. सौ. विचारून राह्यली, भाकरी बांधू का. अजून काही सांगितलं नाही.